अनेक निवेदकांची कादंबरी वाचताना आधी कोण बोलतंय ते पकडा, काय झालं ते नंतर

आमच्या इकडे नागपुरात वाचणाऱ्या मंडळींचे दोन-चार ग्रुप आहेत आणि सगळीकडे एकच प्रकार होतो. कुणीतरी अमेरिकन कादंबरीकार फॉकनर नाहीतर इंग्रज लेखिका वुल्फ उत्साहानं घेतो, पंधरा-वीस पानं होतात आणि मेसेज येतो, "भाऊ, काय चालून राहिलं काहीच समजून नाही राहिलं, स्टोरी सांगा ना." मग कुणीतरी स्टोरी सांगतो आणि तो माणूस पुस्तक ठेवून देतो, कारण स्टोरी कळली म्हटल्यावर आता वाचायचं कशाला.

गडबड वाचणाऱ्याच्या डोक्यात नसते, क्रमात असते. आपल्याला सवय अशी की पहिल्या पानापासून "काय घडलं" ते गोळा करत जायचं. या कादंबऱ्यांमध्ये तो प्रश्न शेवटचा आहे. आधी कोण बोलतंय, मग ते कधीचं बोलतंय, मग त्याला काय माहीतच नाही, आणि हे तीन झाले की चौथा, काय घडलं. खाली सगळं याच क्रमानं लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

१. हातातलं पुस्तक कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवा

"निवेदक बदलतो" या एका वाक्याखाली आपण तीन वेगळे प्रकार कोंबतो आणि मग एकाची युक्ती दुसऱ्याला लावत बसतो.

पहिला प्रकार, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं नाव असतं. हा तुम्ही आधीच वाचलेला आहे. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) आठवा, त्यात ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्णासोबत कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण बोलतात. ही पुस्तकं आधुनिकतावादी म्हणता येणार नाहीत, पण "मी" बदलला की सगळं चित्र बदलतं ही सवय त्यांनी आपल्याला कधीचीच लावलीय, त्यामुळे उगाच घाबरू नका. टागोरांची 'घरे बाइरे' (१९१६) पण याच रांगेत, बिमला, निखिलेश आणि संदीप, तीन जणांची आत्मकथनं. फॉकनरच्या 'ॲज आय ले डाइंग' (१९३०) मध्येही नावं लिहिलेली आहेत, फक्त निवेदक पंधरा आणि प्रकरणं एकोणसाठ.

दुसरा प्रकार, नाव लिहिलेलं नसतं, नुसती तारीख असते नाहीतर तेही नसतं, आणि बोलणारा कोण ते आपण ओळखायचं. 'द साउंड अँड द फ्यूरी' (१९२९) ही इथली.

तिसऱ्या प्रकारात "मी" बदलतच नाही. निवेदक एकच, तृतीय पुरुषी, पण तो या डोक्यातून त्या डोक्यात सरकत राहतो, कधीकधी एकाच परिच्छेदात. वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५) अशी आहे. इथे निवेदकांची यादी करत बसलात तर वेळ वाया. इथे नजर कुठे हातबदल होते ते पाहायचं, आणि वुल्फ तो हातबदल बहुतेक वेळा रस्त्यावरच्या एखाद्या गोष्टीवर करते. बाँड स्ट्रीटवर मोटारीचा धडाम आवाज होतो, तो क्लॅरिसा (म्हणजेच मिसेस डॅलोवे) ऐकते आणि तिला न ओळखणारा सेप्टिमसही ऐकतो, बस, तिथून आपण सेप्टिमसकडे गेलो. मग आकाशात अक्षरं काढणारं विमान, मग बिग बेनचे ठोके. गोंधळलात की दोन परिच्छेद मागे जा आणि आवाज कुठला झाला, सगळे कुठे पाहत होते ते शोधा, सांधा तिथेच सापडतो.

> तपासा: पहिली दहा पानं चाळून सांगता येतंय का की "मी" म्हणणारा एक आहे, अनेक आहेत, की "मी" कुणी म्हणतच नाही? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

२. सुरुवात कुठून करायची

थेट 'ॲब्सलम, ॲब्सलम!' (१९३६) उचलणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचा आत्मविश्वास पाहून कौतुकही वाटतं, पण नका करू. सगळ्यात आधी जपानी लेखक अकुतागावाची 'इन अ ग्रोव्ह' (१९२२) ही कथा वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक खून आणि सात जबान्या, त्यातली एक मेलेल्या माणसाची, माध्यमाच्या तोंडून. कुरोसावाचा 'राशोमोन' हा सिनेमा याच कथेवरून आला, पण सिनेमा आधी नको, त्यात जे जोडलंय ते कथेत नाही. ही कथा संपल्यावर "मग खरं कोण बोलतंय" असा राग आला तर ठीक चाललंय.

त्यानंतर 'ॲज आय ले डाइंग', मग 'द साउंड अँड द फ्यूरी', मग जमलंच तर 'ॲब्सलम'. 'द वेव्ह्ज' (१९३१) मी या शिडीच्या बाहेर ठेवते, तिचं काम वेगळं आहे, खाली येईल.

३. तयारी: प्रत, वही, वेळ

*प्रत.* हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. 'द साउंड अँड द फ्यूरी'च्या पहिल्या भागात तिरपी अक्षरं हीच वाचकाच्या हातातली खूण आहे, अक्षरं तिरपी झाली की बहुतेक वेळा काळ सरकला. आता फुकट मिळालेल्या स्कॅनवरून बनवलेल्या फायलीत, किंवा कुणी कॉपी-पेस्ट करून पाठवलेल्या मजकुरात ती तिरपी अक्षरं उडालेली असतात आणि तुम्ही स्वतःला मठ्ठ समजत बसता. प्रत घेताना पहिली पाच-सहा पानं उघडा आणि तिरपी अक्षरं आहेत का ते पाहा. नसतील तर दुसरी प्रत. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर घेत असाल तरी हेच, आणि आधीच्या मालकानं पेननं लिहिलेली प्रत शक्यतो टाळा, त्याचे अंदाज तुमच्या डोक्यात बसतात.

दुसरी गोष्ट, पुरवणी. याच कादंबरीसाठी फॉकनरनं १९४५ मध्ये तिच्यातल्या कॉम्प्सन घराण्याची एक पुरवणी लिहिली, म्हणजे कादंबरीनंतर सोळा वर्षांनी. काही आवृत्त्यांत ती मागे असते, काही जुन्यांमध्ये चक्क सुरुवातीलाच छापलीय. सुरुवातीला असेल तर पानांना क्लिप लावून टाका. तिच्यात कोणाचं पुढे काय झालं ते सगळं आहे, आणि काही तपशील कादंबरीशी जुळतही नाहीत.

*वही.* घटनांची यादी करू नका, "कोण" यावर वही करा. प्रत्येक बोलणाऱ्याला एक अख्खं पान द्या आणि त्यावर चार ओळींची जागा ठेवा: हा बाकीच्यांना काय हाक मारतो, याला सारखं काय दिसतं किंवा आठवतं, याची वाक्यं कशी आहेत, आणि याला काय माहीत असणं शक्यच नाही. ही चौथी ओळ सुरुवातीला रिकामी राहील, राहू द्या. शेवटी एक पान "कोण कधी" या नावानं कोरं सोडा.

*वेळ.* 'ॲज आय ले डाइंग' मेट्रोत चालतं, प्रकरणं छोटी आहेत, खापरीहून सीताबर्डीला येईस्तोवर तीन-चार होतात. 'द साउंड अँड द फ्यूरी'चा पहिला भाग मेट्रोत वाचू नका, स्टेशन आलं म्हणून मधेच बंद केलं की कुठल्या वर्षात होतो तेच सापडत नाही. त्याला सलग दीड-दोन तास लागतात. आपल्याकडे मे महिन्याची दुपार यासाठी उत्तम, तसंही बाहेर पडायची सोय नसते, कूलर लावायचा आणि बसायचं. लाईट गेली तर गोष्ट वेगळी.

> इशारा: वाचण्याआधी इंटरनेटवरून वंशवृक्ष डाउनलोड करू नका. 'द साउंड अँड द फ्यूरी'च्या वंशवृक्षात क्वेंटिन नावाची दोन माणसं आहेत हे आधीच कळतं, आणि लेखकानं तुम्हाला ज्या गोंधळात मुद्दाम ठेवलंय तोच निघून जातो. नात्यांचा तक्ता स्वतः बनवा, चुकला तरी चालेल.

४. पहिला हात: समजून घ्यायचं नाही, रेघा मारायच्या

पेन्सिल घ्या आणि पहिली वीस-पंचवीस पानं नुसती वाचत जा. थांबून अर्थ लावायचा नाही, शब्दकोश नाही, मागे जाणं नाही. एकच काम, जिथे आवाज किंवा काळ तुटल्यासारखा वाटेल तिथे समासात उभी रेघ. का तुटला ते नंतर.

हे लोकांना सगळ्यात जड जातं, कारण शाळेपासून आपल्याला "समजलं का?" विचारून विचारून हैराण केलंय. पण या भागाचा अर्थ पुढच्या भागांशिवाय लागणारच नाही अशीच रचना आहे, त्यामुळे पहिल्याच पानावर अडून बसणाऱ्याला बक्षीस काही नाही.

उदाहरण घ्या. 'द साउंड अँड द फ्यूरी'च्या पहिल्या पानावर कॉम्प्सन घरातला मतिमंद बेंजी कुंपणातून माणसं कशाला तरी मारताना पाहतोय. ते गोल्फ आहे, पण तो शब्द तो वापरत नाही, कारण त्याच्याकडे तो शब्दच नाही. गोल्फवाले काठ्या वाहणाऱ्या पोराला "कॅडी" म्हणून हाक मारतात आणि बेंजी विव्हळायला लागतो. का? त्याच्या बहिणीचं नाव कॅडी, आणि ती आता घरात नाही. पहिल्या वाचनात हे नाही कळलं तर काही बिघडत नाही. समासात रेघ असली की पुरे.

५. आवाज ओळखा

आता वहीचं काम. माणूस काय सांगतो त्यापेक्षा कसं सांगतो तिकडे लक्ष. आपल्या घरातल्या लग्नात जेवणावरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी मामा, आत्या आणि आठ वर्षांचा पोरगा तिघांनाही विचारलं, तर नाव न सांगता नुसतं लिहून दाखवलं तरी कोण बोललं ते तुम्ही ओळखाल, मामा पैशावर येईल, आत्या मानावर आणि पोरगा गुलाबजाम संपल्यावर. बस, एवढंच करायचंय.

'ॲज आय ले डाइंग' मध्ये हे शिकायला भरपूर मिळतं. पंधरापैकी सात जण बंड्रन या एकाच घरातले, बाकी आठ शेजारी, डॉक्टर, पाद्री, दुकानदार वगैरे. कॅश हा सुतार, त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे शवपेटी तिरक्या कापानं का बनवली याची तेरा मुद्द्यांची यादी. त्याची आई मेलीय आणि तो मुद्दे मोजतोय, यातच तो कसा माणूस आहे ते आलं. धाकटा वार्डमन, त्याचं एक प्रकरण फक्त एका वाक्याचं, की आई मासा आहे. हा पोरकटपणा समजून पुढे जाऊ नका, त्यानं त्या दिवशी मोठा मासा पकडून कापला होता आणि त्याच दिवशी आई गेली, त्याच्या डोक्यात दोन्ही एक झालंय. त्यांचा भाऊ डार्लकडे एकोणीस प्रकरणं, म्हणजे सगळ्यात जास्त, आणि आणखी एक भाऊ ज्वेल, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याला मिळून एक.

कोणाला किती जागा मिळाली ते मोजा. जो कमी बोलतो तो कमी महत्त्वाचा असतो असं नाही, बरेचदा उलटंच असतं.

बोलीभाषेत लिहिलेली इंग्रजी अडत असेल तर मोठ्यानं वाचा. छापलेली वऱ्हाडी डोळ्यानं वाचताना कशी विचित्र दिसते आणि तोंडातून निघाली की लगेच कळते, तेच इथे होतं.

> तपासा: पुस्तक मधेच कुठेही उघडा, प्रकरणाचं नाव हातानं झाका, चार ओळी वाचा. कोण आहे ते सांगता आलं तर पुढच्या पायरीवर. दहातल्या सहा वेळा आलं तरी चालेल.

६. काळ लावा

'द साउंड अँड द फ्यूरी'च्या चार भागांवर तारखा आहेत: ७ एप्रिल १९२८, २ जून १९१०, ६ एप्रिल १९२८, ८ एप्रिल १९२८. म्हणजे ईस्टरच्या आदला शनिवार, मग एकदम अठरा वर्षं मागे, मग शुक्रवार, मग ईस्टरचा रविवार. या चार तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लोक इथेच पहिली चूक करतात, तारीख ही नुसती सजावट समजून पान उलटतात.

पण तारीख म्हणजे बोलणारा कुठे उभा आहे तेवढंच, तो आठवतो कुठलं ते वेगळं. बेंजी १९२८ मध्ये तेहतीस वर्षांचा आहे आणि क्षणात १८९८ मध्ये जातो, कारण त्याच्यासाठी आठवण आणि आत्ताचं यात फरक नाही. इथे एक पक्की युक्ती आहे, त्याला सांभाळणारा पोरगा कोण ते पाहा:

- व्हर्श असेल तर बेंजी लहान आहे.
- टी. पी. असेल तर मधली वर्षं, कॅडीच्या लग्नाच्या आसपासची.
- ल्यूस्टर असेल तर १९२८. त्यातही तो हरवलेलं पाव डॉलरचं नाणं शोधत असेल तर आत्ताचा दिवस, शंकाच नको.

समासातल्या तुमच्या रेघांपुढे फक्त व्ह, टी, ल्यू लिहीत चला. अर्धा तास लागतो आणि सगळा भाग उलगडतो, हे करून पाहिलेला माणूस परत "समजत नाही" म्हणत नाही.

दुसरा सापळा नावांचा. क्वेंटिन दोन आहेत, एक मामा (बेंजीचा भाऊ) आणि एक त्याची भाची. जेसन दोन, बाप आणि मुलगा (बेंजीचा आणखी एक भाऊ). बेंजीचं आधीचं नाव मॉरी, मामाच्या नावावरून ठेवलेलं, नंतर बदललं. क्वेंटिन दिसला की लगेच सर्वनाम पाहा, पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, आणि सोबत सांभाळणारा कोण ते पाहा.

> इशारा: दुसऱ्या भागात, म्हणजे बेंजीचा भाऊ क्वेंटिनच्या, विरामचिन्हं हळूहळू गळत जातात. ती मुद्रणदोष समजून स्वतः स्वल्पविराम घालत बसू नका. ती जिथे गळतात तिथे त्याचं डोकं कुठे चाललंय ते लिहा.

७. याला काय माहीत नाही?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. आता वहीतली ती चौथी ओळ भरायची.

प्रत्येक बोलणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तो तिथे हजर होता का? नसेल तर त्याला कुणी सांगितलं? आणि हे सांगून त्याला काय मिळवायचंय?

'ॲज आय ले डाइंग' मध्ये आई, म्हणजे ॲडी, मरते तो प्रसंग डार्ल सांगतो, आणि डार्ल तेव्हा ज्वेलसोबत लाकूड वाहायला गेलाय. तो तिथे नव्हता! लोक हे वाचून सरळ पुढे जातात. थांबा आणि वहीत लिहा. हा पाहतोय, रचतोय, की याला खरंच काहीतरी दिसतं? उत्तर लगेच द्यायचं नाही, पण हा प्रश्न घेऊन डार्लची बाकी प्रकरणं वाचली की शेवटी त्याच्याशी जे होतं ते वेगळं वाटतं. आणि ॲडी स्वतः एकदाच बोलते, तेही मेल्यानंतर कितीतरी पानांनी. तिथे "लेखकाचा घोळ झाला" म्हणू नका. तिचं प्रकरण झाल्यावर ज्वेलची आधीची पानं एकदा चाळून या.

'ॲब्सलम, ॲब्सलम!' मध्ये तर सगळं पुस्तकच या पायरीवर उभं आहे. रोझा, मिस्टर कॉम्प्सन, क्वेंटिन आणि त्याचा रूममेट श्रीव, चौघंही सटपेन नावाच्या एकाच माणसाची गोष्ट सांगतात आणि त्यातले शेवटचे दोघं हार्वर्डच्या थंड खोलीत बसून जे माहीत नाही ते सरळ रचतात. "कदाचित", "असावं" या अर्थाचे शब्द पेन्सिलनं गोल करा. काही पानांनी ते शब्द गायब होतात आणि अंदाजच घटना बनून समोर उभा राहतो. तो सांधा सापडला की कादंबरी सापडली.

आणि एक सावधगिरी, जिच्यात चांगले चांगले फसतात. सगळ्यात सोपा निवेदक सगळ्यात धोकादायक असतो. बेंजी आणि क्वेंटिननंतर जेसनचा भाग आला की हायसं वाटतं, वाक्यं सरळ, चिडका पण मजेशीर माणूस, सगळं समजून राहिलं म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवून टाकतो. कॅडी मुलीसाठी पैसे पाठवते त्याचं काय होतं, ते त्याच्याच बोलण्यातून वहीत मोजा. मग त्याच्या प्रत्येक तक्रारीकडे पुन्हा पाहा. मला विचाराल तर फॉकनरची खरी करामत बेंजीच्या भागात नाहीच, ती इथे आहे.

८. आता, काय घडलं

आत्ता कुठे घटना. वहीत एक पान घ्या, मधे घटना लिहा आणि तिच्याभोवती कोण काय म्हणतो ते. जिथे दोन बाजू जुळत नाहीत तिथे एक खोडायची नाही. "खरं काय" ते ठरवून एकच सलग स्टोरी बनवायचा मोह होतो, ग्रुपवर टाकायला ती बरीही पडते, पण मग पंधरा माणसं कशाला बोलली? कॅडीचंच पाहा, तिच्याबद्दल तिन्ही भाऊ बोलतात, तिला स्वतःला एकही भाग नाही. तीन कॅड्या तीन वेगळ्या मुली वाटल्या पाहिजेत. एकच वाटत असेल तर पाचवी पायरी कच्ची राहिलीय, मागे जा.

'द वेव्ह्ज'साठी वेगळा नियम

वरचं बरंचसं इथे चालत नाही. बर्नार्ड, सुझन, ऱ्होडा, नेव्हिल, जिनी, लुई, सहा जण, आणि सहाही जण साधारण एकाच सुरात बोलतात, लहान मूल असतानाही मोठ्यासारखं. प्रत्येकापुढे "म्हणाला", "म्हणाली" आहे पण खरं तर कुणी कुणाशी बोलत नाही. त्यामुळे बोलण्याच्या ढबीवरून ओळखायला गेलात तर हरलात. इथे प्रतिमांवर ओळखायचं. लुईला साखळीनं बांधलेल्या जनावराचे पाय आपटलेले ऐकू येतात, ऱ्होडा तपकिरी भांड्यात पांढऱ्या पाकळ्या तरंगवते, बर्नार्ड वाक्यं जमवतो, जिनीचं सगळं शरीर आणि नाच. सुरुवातीच्या पानांवर ज्याला जी प्रतिमा मिळते ती शेवटपर्यंत परत परत येते, म्हणून पहिली वीस पानं दोनदा वाचा, बाकी एकदाच पुरे. ज्याच्याभोवती सगळे फिरतात तो पर्सिव्हल एक शब्द बोलत नाही. मधले सूर्य आणि समुद्राचे तुकडे गाळू नका, दिवस कुठवर आला आणि माणसांचं वय कुठवर आलं ते तिथेच कळतं. शेवटचा भाग एकटा बर्नार्ड बोलतो, तिथे विचारा की बाकी पाच जणांबद्दल तो जे सांगतो ते त्यांनी स्वतः सांगितलेल्याशी किती जुळतं.

९. दुसरं वाचन, पण फक्त पहिल्या भागाचं

अख्खं पुस्तक लगेच परत वाचायची गरज नाही, तेवढा वेळ कुणाला आहे. पण शेवटचं पान झालं की त्याच आठवड्यात पहिला भाग परत वाचा, कारण खरं म्हणजे पहिल्या वेळी तो तुम्ही वाचलाच नव्हता, नुसत्या रेघा मारल्या होत्या. 'द साउंड अँड द फ्यूरी'त हा दुसरा हात पहिल्याच्या निम्म्या वेळात होतो. समासातले व्ह, टी, ल्यू कुठे चुकले ते दुरुस्त करा. यानंतर क्लिप काढा, १९४५ची पुरवणी वाचा आणि तुमच्या तक्त्याशी पडताळा. जिथे दोन्हीत फरक पडेल तिथे आपलाच तक्ता चुकला असं लगेच धरू नका, कादंबरीचं पान उघडून पाहा आणि कादंबरीचं ऐका.

ग्रुपमध्ये चर्चा ठेवायची असेल तर ती यानंतर, आणि प्रत्येकाला एकेक निवेदक वाटून द्या, ज्याला जेसन मिळालाय त्यानं जेसनची बाजू घ्यायची, आवडो न आवडो.

स्टोरी विचारणाऱ्याला मात्र सांगू नका. त्याला ल्यूस्टरचं नाणं सांगा.